सिलोन गेलं कुठे?

मागच्या वेळी आपण शब्द आणि अर्थ यांच्या नात्याबद्दल बोललो. आज त्यातलाच एक छोटा प्रश्न घेऊ. एखाद्या जागेचं नाव बदलतं, तेव्हा नेमकं काय बदलतं? उदाहरण समुद्रापलीकडचं घेऊ, आणि मग आपल्या पेण-रोह्याला परत येऊ.

आमच्या पिढीला सिलोन हा आधी देश म्हणून माहीत नव्हता. ते रेडिओवरचं एक ठिकाण होतं. १९५२ साली केंद्रात नभोवाणी खातं बाळकृष्ण केसकरांकडे आलं आणि आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जवळजवळ बंदी झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता रोह्यातल्या आमच्या आळीत ज्याच्याकडे रेडिओ, त्याच्या ओटीवर गर्दी असायची. 'सिलोन लागलं का रे?' एवढंच सगळे विचारायचे. आजीही कोपऱ्यात बसून ऐकायची. एकदा आम्ही तिला सांगितलं, 'आजी, सिलोन म्हणजेच लंका.' ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, 'अगं बाई! म्हणजे रावणाच्या गावाहून गाणी लावतात होय?'

आता हे बघा. आजीला लंका कीर्तनातून ठाऊक होती, सिलोन रेडिओवरून ठाऊक होतं. दोन्ही एकच, हे मात्र तिला नव्यानं कळलं. 'लंका म्हणजे लंका' या वाक्यानं कुणाच्या ज्ञानात भर पडत नाही. 'सिलोन म्हणजे लंका' यानं पडते. असं का, हा प्रश्न फ्रेग या जर्मन तत्त्वज्ञानं १८९२ साली एका निबंधात मांडला. पहाटेची चांदणी आणि संध्याकाळची चांदणी, दोन्ही शुक्रच. पण प्रत्येक नाव त्या एकाच वस्तूकडे वेगळ्या वाटेनं नेतं. वस्तू एक, वाटा दोन. (गंमत म्हणजे, रामायणातली लंका हे बेट नव्हेच, ती मध्य भारतात होती, असं पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले डॉ. सांकलिया मांडत. ते खरं असेल, तर आमची आजी आधीच बरोबर होती!)

मग कुणी म्हणेल, सिलोन ही साहेबाची वाट, ती बंद झाली हे बरंच झालं. इथे थोडं थांबू. अशोकाच्या शिलालेखात या बेटाला तंबपण्णी म्हटलंय, म्हणजे ताम्रपर्णी. ग्रीकांनी त्याचंच तॅप्रोबेन केलं. सिंहलद्वीप हे आपल्याकडचं जुनं नाव. त्यातल्या 'सिंहल'चं पाली रूप 'सीहळ'. ते झिजत झिजत पोर्तुगिजांच्या तोंडी सैलाव झालं आणि इंग्रजांच्या तोंडी सिलोन. म्हणजे हे नाव परक्यांनी घडवलेलं नव्हतं, त्यांच्या जिभेवर ते वाकलं होतं. आणि तिथले लोक? सिंहली माणूस आपल्या देशाला लंकाच म्हणत होता, तमिळ माणूस इलंगै. ४ फेब्रुवारी १९४८ ला देश स्वतंत्र झाला, पण कागदावर सिलोनच राहिला. २२ मे १९७२ ला प्रजासत्ताक झालं आणि श्रीलंका हे नाव आलं. तेव्हा घरातलं नाव बदललं नाही. जगानं आपल्याला घरातल्या नावानं हाक मारावी, अशी ती मागणी होती. ही मागणी रास्त आहे.

पण त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली. नव्या संविधानानं बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलं, आणि अल्पसंख्याकांना जुन्या संविधानात असलेलं संरक्षणाचं कलम गेलं. १९५६ पासून सिंहली हीच राजभाषा होती, त्यात ही भर. नाव दोघांच्याही ओळखीचं, पण घर कुणाचं, हा प्रश्न तमिळांसाठी आणखी अवघड झाला. नाव बदलल्यानं न्याय आपोआप येत नाही, एवढं यातून घ्यायचं.

आता आपल्याकडे येऊ. १ जानेवारी १९८१ ला, अंतुले मुख्यमंत्री असताना, कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला. इथे तर साहेबाचा प्रश्नच नव्हता. कुलाबा हा अलिबागचा जलदुर्ग. शिवाजी महाराजांच्या काळात बांधायला घेतलेला, पुढे आंग्र्यांचं ठाणं. रायगड ही महाराजांची राजधानी. दोन्ही नावं आपलीच. नव्या नावानं अभिमान दिला, मुंबईतल्या कुलाब्याशी होणारा घोळही थांबला.

थांबला, असं आम्हांला वाटलं होतं. काही वर्षांपूर्वी वडिलांच्या एका जुन्या कागदासाठी आम्ही एका कार्यालयात गेलो. कागदावर 'मु. पो. रोहा, जि. कुलाबा'. खिडकीतला तरुण म्हणाला, 'काका, हे मुंबईचं आहे. तिकडे चौकशी करा.' समजावून सांगितलं, तर म्हणाला, 'दोन्ही एकच असल्याचा पुरावा आणा.' तीन खेपा आणि एक प्रतिज्ञापत्र! त्या मुलाची काय चूक? त्याला एकच वाट माहीत होती. पण ज्यांना तीन खेपांचं एसटीभाडं परवडत नाही, त्यांचं काय? पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ साली विनोबा जन्मले, ते कुलाबा जिल्ह्यात. जुनं नाव पुसलं, तर असे हजारो कागद मुके होतात.

जॉन स्टुअर्ट मिल म्हणायचा, विशेषनामाला अर्थ नसतो. ती नुसती खूण असते. डार्ट नदीच्या मुखाशी असलेल्या गावाला डार्टमथ म्हणतात, नदीनं पात्र बदललं तरी नाव राहील. अर्धं खरं आहे. पण खूण कुणी केली आणि कुणाच्या मनात ती कशाशी बांधली गेली, हे त्यात येत नाही. श्रीलंकेतही बँक ऑफ सिलोन अजून आहे, चहा सिलोनचा म्हणूनच विकला जातो. २०११ साली तिथल्या सरकारनं सरकारी संस्थांच्या नावांतून सिलोन काढायचं ठरवलं, तरी ही नावं टिकलीच.

तेव्हा आमचं म्हणणं साधं आहे. माणसाशी बोलताना त्यानं स्वतःसाठी निवडलेलं नाव वापरावं. हा आदराचा भाग. दप्तरात मात्र नव्या नावाशेजारी जुनं लिहून ठेवावं. हा न्यायाचा भाग. आणि आठवणीत जे असेल ते असू द्यावं. आजही बुधवारी आठ वाजले, की आमच्या कानात श्रीलंका नाही, सिलोनच लागतं. त्यानं कुणाचा अपमान होत नाही, जोवर ते कानातच आहे.

पुढच्या वेळी याच धाग्यानं माणसांच्या नावांकडे, लग्नानंतर बदलणाऱ्या नावांकडे, वळू.