कंकमुख : चोचीपासून चिमट्यापर्यंत

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीसारख्या गावात व्यवसाय करणाऱ्या वैद्यास 'शल्य' या शब्दाचा अर्थ ग्रंथात शोधावा लागत नाही. तळपायात मोडलेला बाभळीचा काटा, पोटरीत घुसलेले तुरीचे धसकट, लहान मुलाच्या कानात गेलेला हरभरा, असे रुग्ण वर्षभर येतात. शल्य काढण्यास कोणते यंत्र घ्यावे, याचा निर्णय मात्र आपण बहुधा ट्रेमध्ये हाती येईल त्यावर सोडतो.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात 101 यंत्रे सांगितली आहेत. त्यांपैकी स्वस्तिकयंत्रे 24 असून प्रत्येकाची लांबी 18 अंगुले आहे. दोन भुजा मसुराच्या आकाराच्या खिळ्याने जोडलेल्या, आणि मुखे सिंह, व्याघ्र, लांडगा, अस्वल यांच्या जबड्यांसारखी किंवा कावळा, कंक, ससाणा यांच्या चोचींसारखी. अस्थीत रुतलेले शल्य उपटणे हे त्यांचे मुख्य कार्य होय.

विद्यार्थिदशेत एका प्रदर्शनात सिंहमुख यंत्राची प्रतिकृती पाहिली होती. तिला डोळे होते, कान होते, आयाळही कोरलेली होती. पण पकडीची टोके एकमेकांना टेकत नव्हती! आचार्यांना सिंहाचे चित्र नको होते, त्याचा जबडा हवा होता. आखूड व रुंद जबड्यात सांध्याजवळच बळ एकवटते, म्हणून पकड जबरदस्त. परंतु असा जबडा अरुंद व्रणात शिरणार नाही. म्हणूनच दिसणाऱ्या शल्यास सिंहमुखादी आणि गूढ शल्यास कंकमुखादी यंत्रे, असा स्पष्ट भेद ग्रंथात केला आहे. कंक म्हणजे सामान्यतः बगळा. गोदाकाठच्या उथळ पाण्यात तो मासा टिपताना पाहावा: चोच सरळ आत जाते, निसरडे भक्ष्य धरते आणि तशीच बाहेर येते. सहज शिरणे, शल्य धरून ते बाहेर काढणे आणि सर्व स्थानी उपयोगी पडणे, या गुणांमुळेच कंकमुखास यंत्रांत प्रधान म्हटले आहे.

शलाकायंत्रांतही हीच दृष्टी आहे. गंडूपदमुख, म्हणजे आपल्या गांडुळासारख्या टोकाची शलाका एषणासाठी, तर सर्पफणामुख व्यूहनासाठी. गांडूळ माती न फाडता वाट शोधते, हे ज्याने निरखले त्यालाच असे नाव सुचेल. आधुनिक शल्यशास्त्रातील मॉस्किटो, क्रोकोडाइल व लायन फोर्सेप्स ही नावेही याच वळणाची आहेत. (स्वयंपाकघरातील सांडशी तर 'संदंश' या शब्दाचीच लेक!)

येथे स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. व्यवसायाच्या आरंभी एका मुलाच्या कानातील गुळगुळीत मणी मी साध्या चिमट्याने धरू गेलो. प्रत्येक पकडीसरशी तो निसटून अधिक आत गेला आणि अखेर मुलास जालन्यास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे लागले. वाटोळ्या वस्तूस चोच लागू पडत नाही. तिच्या मागे जाऊन ओढणारा गळ हवा. आहरणासाठी बडिशमुख शलाका सांगितली आहे ती याचसाठी. शल्य खोल असेल किंवा मूल स्थिर राहत नसेल, तर प्रयत्नच न करता तज्ज्ञाकडे पाठवणे श्रेयस्कर. हरभऱ्यासारखे बीज असल्यास कानात पाणी घालू नये. ते फुगून घट्ट बसते.

औषधालय-चालकांनी उपकरणे मागवताना त्याच अध्यायातील 12 यंत्रदोष समोर ठेवावेत. त्यांतील अग्राही, विषमग्राही, शिथिल, मृदुकील व मृदुमुख हे दोष स्वस्त मालात नेहमी आढळतात. तपासणी सोपी आहे. चिमटा मिटून उजेडाकडे धरावा, टोकांमध्ये फट दिसता कामा नये. मग टोकात एक केस धरून ओढावा. तो निसटला, तर चिमटा विक्रेत्यास परत करावा. खिळा हलत असेल, तर केसापर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही.