वैमानिकाची पात्रता केवळ तासांनी ठरेल?

हजेरीपटावर दिवस भरले म्हणजे विद्यार्थी शिकला, असे कोणताही जाणता शिक्षक म्हणणार नाही. वैमानिकांच्या बाबतीत मात्र असाच हिशेब मांडला जातो. मोठा अपघात झाला की उड्डाणाचे किमान तास वाढवावेत, ही मागणी पुढे येते. मागणी गैर नाही. पण ती अपुरी आहे, आणि अपुऱ्या उपायावर समाधान मानणे धोक्याचे असते.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत न्यूअर्कहून बफेलोकडे निघालेले कोलगन एअर कंपनीचे विमान विमानतळाच्या अलीकडेच एका घरावर कोसळले. विमानातील ४९ व घरातील एक, अशी ५० माणसे प्राणास मुकली. उतरण्याच्या तयारीत विमानाचा वेग फार घटला होता. अशा वेळी वैमानिकाच्या हातातील दांडा थरथरू लागतो. ही धोक्याची सूचना मिळताच नाक खाली करून वेग मिळवावा, हा उड्डाणाचा प्राथमिक धडा होय. कप्तानाने नेमके उलट केले. दांडा मागे ओढला आणि पंखांना हवेचा आधार उरला नाही. हा कप्तान पूर्वी अनेक चाचण्यांत अनुत्तीर्ण झाला होता व त्यांतील काहींची माहिती कंपनीला नव्हती, हे चौकशीत उघड झाले.

मृतांच्या आप्तांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि २०१० साली अमेरिकेत कायदा झाला. २०१३ पासून सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १५०० तासांची अट लागू झाली. तत्पूर्वी २५० तास पुरत असत. परंतु त्या दुर्दैवी विमानातील दोघाही वैमानिकांचे तास १५०० हून अधिक होते. कप्तानाचे तर तीन हजारांवर. म्हणजे ज्या अपघातातून हा दंडक जन्मला, तो अपघात या दंडकाने टळला नसता! आधार सुटू लागलेले विमान सावरण्याचे शिक्षण आणि प्रत्येक वैमानिकाच्या अपयशाची नोंद ठेवणे, या त्याच कायद्यातील कमी गाजलेल्या तरतुदी अधिक मोलाच्या म्हणाव्या लागतील.

आपला अनुभव तरी वेगळा कोठे आहे? २२ मे २०१० रोजी मंगळूरला दुबईहून आलेले विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले व १५८ प्रवासी आणि कर्मचारी मृत्युमुखी पडले. कप्तानाच्या गाठी दहा हजारांहून अधिक तास होते. प्रवासात तो बराच काळ झोपला होता, आणि उतरणे रद्द करण्याची सहवैमानिकाची सूचना त्याने मानली नाही. पुढच्याच वर्षी गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एक विमान पुढच्या चाकावर उतरले. त्या चौकशीतून वैमानिकाने परवान्यासाठी बनावट गुणपत्रिका सादर केल्याचे निष्पन्न झाले, आणि मग अशी आणखी प्रकरणे बाहेर आली. एका घटनेत अनुभव होता, पण शिस्त नव्हती. दुसरीत कागद होता, पण तो खोटा होता.

कसोटी कठोर केली तर वैमानिकांचा तुटवडा पडेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार नाही. परंतु आज आपल्याकडे प्रवेशाची खरी अट कोणती? कागदोपत्री पदार्थविज्ञान व गणित घेऊन बारावी, आणि व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण. प्रत्यक्षात मात्र वडिलांची कित्येक लाख रुपये उभे करण्याची ऐपत, हीच पहिली परीक्षा ठरते. नुसते तास वाढवले तर हा खर्च आणखी वाढेल, आणि हुशार पण गरीब मुलगा दाराबाहेरच राहील.

म्हणून दर्जा उंचावायचा तो निवडीत व शिक्षणात. प्रवेशापूर्वीच उमेदवाराच्या निर्णयशक्तीची कसून परीक्षा व्हावी. निवडलेल्यांना शिष्यवृत्ती मिळावी. सिम्युलेटरवर ठरीव धड्यांबरोबरच अनपेक्षित संकटांचा सराव व्हावा. वरिष्ठ चुकत असेल तर त्याला रोखण्याचे धैर्य सहवैमानिकाला शिकवावे. आणि परवान्याची परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेवरही कडक देखरेख असावी. यांस पैसा लागेल. पण विमानात बसणाऱ्या सामान्य माणसाला कप्तान निवडता येत नाही. तो शासनाच्या शिक्क्यावर विसंबून असतो. त्या शिक्क्यामागे खरी विद्या आहे, याची खात्री देणे हे शासनाचे कर्तव्य आहे.