पदवी नको रे बाबा!

दोस्तांनो, समजा उद्या पोस्टमनकाका तुमच्या घरी एक पत्र घेऊन आले आणि त्यात लिहिलं होतं, की आजपासून तुम्ही 'लॉर्ड' झालात! तुम्ही काय कराल? आधी साऱ्या वर्गाला सांगत सुटाल, हो ना? पण इंग्लंडमध्ये एक गृहस्थ असे होऊन गेले, की अशी पदवी आपल्याला चिकटू नये म्हणून ते कित्येक वर्षं भांडले. त्यांचं नाव टोनी बेन.

आता तुम्ही म्हणाल, मिळत होती पदवी तर घ्यायची की! त्यात भांडण्यासारखं काय? पण खरी मेख तिथेच होती.

ब्रिटनच्या संसदेत दोन सभागृहं आहेत. एक हाउस ऑफ कॉमन्स, म्हणजे आपल्या लोकसभेसारखं, लोकांनी निवडून दिलेल्यांचं. दुसरं हाउस ऑफ लॉर्ड्‌स, म्हणजे उमरावांचं. ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन अशा उमरावांच्या उतरत्या पाच पायऱ्या. बहुतेक पदव्या बापाकडून थोरल्या मुलाकडे जायच्या. वडिलांनी डोळे मिटले, की त्याच क्षणी मुलगा उमराव! त्याला कुणी विचारत नसे, आणि 'मला नको' म्हणायची सोयही नव्हती. आणि एकदा उमराव झालं, की हाउस ऑफ कॉमन्सचं दार कायमचं बंद. लोकांनी कितीही मतं दिली तरी!

टोनीचे वडील विल्यम वेजवुड बेन हे नाव आपल्या इतिहासातही येतं बरं का. १९२९ ते १९३१ या काळात ते ब्रिटिश सरकारात भारतमंत्री होते. म्हणजे गांधीजी दांडीला मीठ उचलत होते, तेव्हा लंडनमध्ये भारताचा कारभार यांच्याकडे होता. पुढे १९३१ साली गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, तेव्हा सहा वर्षांच्या टोनीनं त्यांना पाहिलं होतं. ही आठवण तो म्हातारपणीही सांगत असे.

दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४२ साली, वडिलांना 'व्हायकाउंट स्टॅन्सगेट' ही पदवी मिळाली. त्यांच्या मजूर पक्षाची माणसं उमरावांच्या सभागृहात फार थोडी होती. ती वाढावीत हा हेतू. पदवी पुढे थोरल्या मायकेलकडे जाणार होती. त्याला धर्मोपदेशक व्हायचं होतं, त्यामुळे त्याची काही अडचण नव्हती. पण मायकेल वैमानिक होता आणि १९४४ साली युद्धातच तो गेला. भाऊ गेल्याचं दुःख तर होतंच, पण त्याबरोबर पदवीचा वारसाही धाकट्या टोनीकडे आला.

टोनीला मात्र राजकारणात पडायचं होतं. १९५० साली, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, तो ब्रिस्टल साउथ ईस्ट मतदारसंघातून निवडून आला. संसदेत चांगला जम बसला, पण डोक्यावर ती टांगती तलवार होतीच. वडील आहेत तोवर आपण खासदार! १९५५ साली त्यानं पदवी आधीच सोडता यावी म्हणून खटपट केली. ती उमरावांनीच फेटाळली.

१७ नोव्हेंबर १९६० रोजी वडील वारले. घरात दुखवटा, आणि त्याच दिवसापासून टोनी बेन खासदार उरले नाहीत. (आता त्यांना अहो-जाहो केलं पाहिजे, कारण नको असले तरी ते व्हायकाउंट झाले!) ब्रिस्टलची जागा रिकामी झाली. मे १९६१ मध्ये पोटनिवडणूक आली आणि बेननी काय केलं असेल? पुन्हा त्याच जागेसाठी अर्ज भरला! हा माणूस जिंकला तरी आत बसू शकणार नाही, हे मतदारांना ठाऊक होतं. तरीही बेनना २३,२७५ मतं पडली आणि प्रतिस्पर्धी माल्कम सेंट क्लेअर यांना १०,२३१. वजाबाकी तुम्हीच करा.

जिंकलेले बेन संसदेच्या दाराशी गेले, तर द्वारपालानं त्यांना अडवलं. दहा वर्षं ज्या दारातून ते रोज ये-जा करत होते, तेच ते दार. प्रकरण कोर्टात गेलं, आणि कोर्टानं हरलेल्या सेंट क्लेअरना खासदार ठरवलं! बिचाऱ्या ब्रिस्टलकरांना कसं वाटलं असेल? गंमत म्हणजे हे सेंट क्लेअरही एका उमरावाचे वारसदारच होते. फक्त त्यांचा नंबर अजून लागला नव्हता, एवढंच.

पण त्या निकालामुळे लोक या नियमाचा विचार करू लागले. शेवटी ३१ जुलै १९६३ रोजी संध्याकाळी नवा कायदा मंजूर झाला: वारशानं आलेली पदवी ज्याला नको असेल त्यानं ठरलेल्या मुदतीत ती सोडावी. मंजुरीनंतर अर्ध्या तासाच्या आत बेननी पदवी सोडली. असं करणारे ते पहिलेच. सेंट क्लेअरनीही खिलाडूपणे जागा रिकामी केली आणि ऑगस्टमध्ये बेन पुन्हा निवडून आले.

हा कायदा पुढे भलत्याच माणसाच्या उपयोगी पडला! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये होम घराण्याचे चौदावे अर्ल ब्रिटनचे पंतप्रधान झाले. ते तर बेन यांच्या विरोधी पक्षाचे. त्यांनीही पदवी सोडली आणि सर ॲलेक डग्लस-होम या नावानं पोटनिवडणूक लढवली. ती जिंकेपर्यंत सुमारे दोन आठवडे ब्रिटनचे पंतप्रधान ना या सभागृहात होते, ना त्या!

कायद्यात एक मेख मात्र राहिली. पदवी सोडता येते, ती त्या माणसाच्या हयातीपुरतीच. ती नाहीशी होत नाही, कपाटात ठेवलेल्या पागोट्यासारखी पुढच्या वारसाची वाट पाहत राहते. टोनी बेन १४ मार्च २०१४ रोजी, ८८व्या वर्षी वारले आणि 'व्हायकाउंट स्टॅन्सगेट' ही पदवी थोरल्या मुलाकडे, स्टीफनकडे गेली. त्यांनी ती सोडली नाही. तोवर जुने दिवस पालटले होते. १९९९च्या कायद्यानं वारसाहक्कानं बसणाऱ्या बहुतेक उमरावांना हाउस ऑफ लॉर्ड्‌समधून बाहेर काढलं होतं; फक्त ९२ जागा ठेवल्या होत्या. त्यातल्या एका रिकाम्या जागेवर २०२१ साली स्टीफन जाऊन बसले, आपल्या आजोबांच्याच सभागृहात. आणि धाकटे हिलरी? ते वडिलांसारखे निवडणूक लढवून १९९९ सालीच हाउस ऑफ कॉमन्समध्ये पोचले होते. कुठल्याही द्वारपालानं त्यांना अडवलं नाही.