‘घरी न्या’ म्हटल्यानंतरची सेवा

कर्करोगाच्या उपचारासाठी मुदत ठेव मोडायला आलेली माणसे बँकेच्या खिडकीवर नेहमी दिसतात. पुढे एक दिवस डॉक्टर सांगतात, “आता बरे होण्यासारखे नाही, घरी न्या.” मग सर्व संपले असे घरच्यांना वाटते. परंतु रोग हटत नसला तरी वेदना हटविता येतात. या शुश्रूषेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात.

सिसिली साँडर्स या मूळच्या परिचारिका. पुढे त्या डॉक्टर झाल्या व १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी मरणासन्न रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. आपल्या देशातील असे पहिले केंद्र, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे उघडले. घाटंजीसारख्या गावात मात्र ही सेवा बहुधा घरच्यांनाच करावी लागते.

तीव्र वेदनेवर डॉक्टर मॉर्फिन देतात. ‘सवय लागेल’ या भीतीने गोळी टाळू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो धोका फार कमी असतो. दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता, सांगितलेल्या वेळीच ती द्यावी. तिने शौचास कठीण होते, म्हणून सोबत रेचकही विचारून घ्यावे. २०१४ च्या कायदा-दुरुस्तीने हे औषध ठेवणे मान्यताप्राप्त रुग्णालयांना सोपे झाले आहे. यवतमाळ किंवा नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात चौकशी करावी.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. तोंड ओल्या मऊ कापडाने पुसावे. भूक नसल्यास बळजबरीने भरवू नये.

आपल्या विदर्भात खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग होतो. जखमेला वास येतो, आणि नातेवाईक रुग्णाचे ताट-पेला वेगळे करतात. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही. वास कमी करणारे औषधही डॉक्टर देतात. ताट वेगळे ठेवल्याचे दुःख काय असते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको.

रात्रंदिवस उशाशी बसणारी पत्नी किंवा सूनही थकते. सभासदांनी व विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने दोन तास त्या घरी बसावे, म्हणजे तिला झोप मिळेल. यासाठी पैसा लागत नाही. अशी एक यादी आपल्या संस्थेने तयार करावी, एवढीच नम्र सूचना.