शिक्षा संपते, नोंद उरते

जयपूर शहराच्या दक्षिणेस सांगानेर हे ठशांच्या कापडासाठी व हातकागदासाठी नावाजलेले गाव आहे. तेथे १९६३ मध्ये सुरू झालेले खुले बंदी शिबिर संपूर्णानंदांच्या नावाने ओळखले जाते. जन्मठेप भोगणारा कैदीही तेथे बायकामुलांसह राहतो, दिवसा शहरात मोलमजुरी करतो आणि ठरल्या वेळी हजेरीस परततो. जग त्याला काम देते. परंतु त्याच्या नावावरील दोषसिद्धीची नोंद शिक्षा संपल्यावरही उरते. ती न्यायालयाकडून पुसून घेता येईल काय?

इंग्लंडने १९७४ मध्ये कायदा करून, ठराविक काळ सद्वर्तनाने गेल्यावर अनेक जुन्या शिक्षा गतार्थ मानल्या. अमेरिकेतील अनेक राज्यांत अशी नोंद काढून टाकण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करता येतो. भारतात प्रौढ अपराध्यासाठी असा सर्वसाधारण अर्ज नाही. अपिलात निर्दोष ठरणे हा खरा राजमार्ग. शिक्षेत नुसती सूट मिळाल्याने दोषनिर्णय पुसला जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच स्पष्ट केले आहे.

तथापि एक वाट १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाने मोकळी केली आहे. किरकोळ चोरीत प्रथमच सापडलेल्या तरुणाचे उदाहरण घ्यावे. न्यायालय त्याला समज देऊन सोडू शकते, किंवा सद्वर्तनाचे बंधपत्र लिहून घेऊन सोडू शकते. त्याची मुदत तीन वर्षांपेक्षा अधिक नसते. अपराधी एकवीस वर्षांखालील असेल, तर कारावास का आवश्यक वाटला याची कारणे न्यायाधीशास लिहावी लागतात. मात्र जन्मठेपेस पात्र अपराध यात येत नाहीत. अशा रीतीने सुटलेल्यास दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता भोगावी लागत नाही, असे कलम १२ सांगते. बंधपत्र मोडून मूळ अपराधाची शिक्षा झाली, तर हे संरक्षण जाते.

येथे वेळेचे भान राखावे लागते. ही सवलत निकालाच्या वेळीच मागावयाची असते. खालच्या न्यायालयात ती राहून गेली, तर अपिलात किंवा पुनरीक्षणात मागता येते. जयपूरच्या रहिवाशास त्यासाठी राजस्थान उच्च न्यायालयाचे जयपूर खंडपीठ आहे. शिक्षा भोगून वर्षे लोटल्यावर नोकरीच्या वेळी जाग आली, तर फारसा उपाय उरत नाही.

शिवाय कलम १२ अपात्रता दूर करते, घडलेले कृत्य नव्हे. त्या कृत्याचा विचार नोकरी देणारा करू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये म्हटले. म्हणून अर्जात प्रश्न विचारला असता खरे उत्तर द्यावे. २०१६ च्या निर्णयानुसार सत्य सांगितले म्हणून नोकरी मिळेलच असे नाही. पण माहिती दडवली तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते.

बालकांच्या बाबतीत कायदा अधिक उदार आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार त्यांच्यावर अपात्रता येत नाही व नोंदी यथाकाल नष्ट करावयाच्या असतात. सोळा वर्षांवरील ज्या मुलावर घोर अपराधासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालून दोष सिद्ध होतो, त्याला मात्र ही सवलत नाही.

सांगानेरच्या जन्मठेपेच्या कैद्याला यांपैकी परिवीक्षेची वाट मिळत नाही. त्याच्यापुढे उरते ते रोज कामास जाणे आणि वेळेवर परतणे. परंतु पहिल्याच चुकीत सापडलेल्या तरुणाच्या आईबापांनी एवढे ध्यानात ठेवावे की, त्याचे पुढील आयुष्य पुष्कळदा निकालाच्या त्या एका दिवसावर अवलंबून असते.