कान एकच जोडी, हेडफोन मात्र चार!

"अहो, तिसऱ्यांदा हाक मारतेय! जेवायला येताय ना?"

सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कानांवर हेडफोन असता तर तिचा राग समजण्यासारखा होता. पण त्या संध्याकाळी माझे कान अगदी मोकळे होते, आणि तरीही पहिल्या दोन हाका मला ऐकूच आल्या नव्हत्या.

गाण्याचे वेड मला कॉलेजपासूनचे. आधी टेपरेकॉर्डर, मग सीडी आणि आता मोबाइल. नोकरीपायी गेली सतरा वर्षे वडोदरा ते अहमदाबाद अप-डाउन चालले आहे. जायला दोन तास, यायला दोन तास. डब्यात रुळांचा खडखडाट, पत्त्यांचे डाव, चहावाल्यांच्या आरोळ्या. त्या गोंगाटात तानपुरा ऐकायचा तर आवाज वाढवण्यावाचून इलाज नव्हता. मी तो वाढवत गेलो.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून श्रवणचाचणी केली. कागदावरची रेघ बऱ्यापैकी सरळ जात होती आणि ४००० हर्ट्झपाशी एकदम खड्ड्यात उतरली होती.

"मोठ्या आवाजाने कानाला झालेल्या इजेची ही नेहमीची खूण," डॉक्टर म्हणाले. "आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार नाजूक पेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. उरल्यात त्या सांभाळा."

"म्हणजे गाणे बंद?"

"गाणे कशाला बंद? आवाज कमी करा."

काकांचे चार मानकरी

आता एक चांगला हेडफोन घ्यायचाच, असे ठरवले. चांगला म्हणजे अर्थातच सगळ्यात महाग, ही माझी समजूत. सल्ल्यासाठी आमच्या ओळखीच्या एका काकांकडे गेलो. ते निवृत्त ध्वनिमुद्रक. त्यांच्याकडे जर्मनीच्या सेनहायझर या एकाच कंपनीचे चार हेडफोन आहेत. सोबत माझी बावीस वर्षांची मुलगीही आली होती.

"काका, यातला सर्वांत उत्तम कोणता?"

"अरे, असे नाही विचारायचे. तू ऐकणार कुठे बसून, ते आधी सांग," काका म्हणाले.

या कंपनीची कथा ऐकण्यासारखी आहे. दुसरे महायुद्ध संपताच, १९४५ साली, फ्रिट्झ सेनहायझर या अभियंत्याने काही सहकाऱ्यांना घेऊन हॅनोवर शहराजवळच्या वेनेबोस्टेल या खेड्यात एक छोटी प्रयोगशाळा काढली. सुरुवात व्होल्टेज मोजण्याच्या यंत्रापासून झाली, मग मायक्रोफोन आले. १९६८ साली त्यांनी एचडी ४१४ हा हेडफोन बाजारात आणला आणि तो जगभर गाजला. तोवरचे हेडफोन डब्यासारखे बंद आणि जड असत. हा वजनाला हलका, पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा आणि पाठीमागून उघडा होता.

हे 'उघडे' आणि 'बंद' प्रकरण समजले की निम्मे काम झाले. बंद हेडफोनची पाठ भरीव असते. बाहेरचा आवाज आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. उघड्याच्या पाठीला जाळी असते. त्यातून हवा खेळती राहते, त्यामुळे गाणे डोक्यात कोंडल्यासारखे वाटत नाही. मात्र शेजारच्याचे बोलणे आत येते आणि आपले गाणे शेजाऱ्याला ऐकू जाते.

आधी आवाज सारखा करा

मी घाईने एक हेडफोन उचलला. काकांनी तो परत ठेवायला लावला. "थांब. माणसाचा कान फसतो. जो जरा मोठा वाजतो तोच त्याला चांगला वाटतो. दुकानात ग्राहक इथेच चुकतो."

पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात त्यांनी आवाज मोजण्याचे यंत्र बसवले, एकेक हेडफोन त्यावर ठेवला आणि चौघांचा आवाज एका पातळीवर आणला. प्रत्येकाला आवाजाचे बटण वेगळ्या जागी न्यावे लागले. याचे एक मोठे कारण इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला हेडफोनकडून होणारा अडथळा. चौघांपैकी एचडी २५ चा इम्पीडन्स ७० ओहम, तर बाकी तिघांचा ३०० ओहम. ३०० ओहमचा हेडफोन थेट मोबाइलला जोडला तर बहुधा क्षीण वाजतो आणि आपण उगाच त्याला नावे ठेवतो. त्याला छोटा अँप्लिफायर द्यावा.

चौघांची ओळख

ऐकायला निवडले किशोरीताई आमोणकरांचा भूप, लताबाईंचे एक जुने चित्रपटगीत आणि एक तबलावादन.

एचडी २५ (१९८८) : बंद पाठीचा, वजन अवघे १४० ग्रॅम. ध्वनिमुद्रक आणि डीजे मंडळींचा लाडका. बायाँचा घुमारा दणदणीत. गायिका जणू शेजारच्या खुर्चीत बसली आहे इतकी जवळ. कानावर दाबून बसतो, त्यामुळे तासाभराने, विशेषतः चष्मेवाल्यांना, विश्रांती घ्यावीशी वाटते.

एचडी ६०० (१९९७) : उघडा. स्वतःच्या पदरचे काहीच घालत नाही. माणसाचा आवाज माणसासारखा, हार्मोनियम हार्मोनियमसारखी. पहिल्या भेटीत साधा वाटतो, पण सहवासाने आवडत जातो.

एचडी ६५० (२००३) : सहाशेचाच धाकटा भाऊ. वरच्या पट्टीत जरा मऊ, खाली जरा उबदार. जुन्या ध्वनिमुद्रणातली खरखर कमी बोचते. तासन्‌तास ऐकावा असा.

एचडी ८०० (२००९) : घराण्यातला श्रीमंत. किंमत सहाशेच्या कितीतरी पट. आत ५६ मिलिमीटरचा, मधोमध पोकळ असा कड्यासारखा पडदा. वाट्या इतक्या मोठ्या की कानाला स्पर्शही होत नाही. समोर मोठे सभागृह उभे राहते, तानपुऱ्याची तार न्‌ तार सुटी होते. पण ध्वनिमुद्रण सदोष असेल तर त्याची लक्तरेही तो वेशीवर टांगतो.

आता खरी गंमत, की दुःख म्हणू? सहाशे आणि साडेसहाशे मी आलटून पालटून तीनदा ऐकले. मला फरक कळेना. मुलीने दोन्ही अर्धा-अर्धा मिनिट लावले आणि म्हणाली, "बाबा, याच्यात वरचा आवाज मऊ आहे. सोपे आहे की!"

काका काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. तो वरचा आवाज माझ्या कानांनी कधीच रेल्वेच्या डब्यात गमावला होता. आठशेची किंमत ज्या बारकाव्यांसाठी मोजायची, त्यातले काही मला आता पैसे देऊनही मिळणार नव्हते.

रेल्वे घरात आली

मग काकांनी स्पीकरवर धावत्या रेल्वेची ध्वनिफीत लावली. "आता डोळे मीट आणि गाणे नीट ऐकू येईपर्यंत बटण फिरव."

सहाशे लावून बटण फिरवत गेलो, फिरवत गेलो. डोळे उघडले तर ते जवळजवळ टोकाला पोहोचले होते. आठशेचीही तीच गत. मग एचडी २५ लावला. कानावर गाद्या बसताच रेल्वे दूर गेली आणि बटण जेमतेम हलवावे लागले.

"समजले? गाडीत तू गाण्याचा आवाज वाढवत नव्हतास, गोंगाटाशी भांडत होतास. उघडा हेडफोन शांत खोलीतला राजा. गर्दीत नेलास तर कानाचा वैरी."

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा : ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलमागे वेळ निम्मा करायचा. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याला फक्त ४ तास! मी गाडीत तेवढ्या आवाजाने ऐकत होतो असे धरले, तर माझा आठवड्याचा वाटा सोमवारीच संपत होता. मंगळवार ते शनिवार सगळी उधारी.

तर मग कोणता घ्यावा?

रोजचा प्रवास असेल तर बंद हेडफोन. उलटा ध्वनी तयार करून गोंगाट विझवणारे हेडफोनही आता मिळतात, तेही प्रवासाला योग्य. मात्र रस्ता किंवा रूळ ओलांडताना दोन्ही कानांवरून उतरवावेत. घरी शांत खोली असेल तर उघडा, आणि त्यात गायन ऐकणाऱ्याला एचडी ६०० पुरेसा आहे. जुनी गाणी रात्ररात्र ऐकणाऱ्याने साडेसहाशे पाहावा. आठशेच्या वाटेला जाण्याआधी अँप्लिफायर, ध्वनिमुद्रणाचा दर्जा आणि स्वतःचे कान, तिन्ही तपासून घ्यावेत. अनेक नव्या मोबाइलना हेडफोनचे भोक नसते, तेव्हा जोडणीचा छोटा तुकडा लागेल हेही लक्षात असू द्या. आणि आवाजाचे बटण घरातल्या शांततेत ठरवा, तीच खूण बाहेरही पाळा.

मी एचडी २५ घेतला. सेवानिवृत्तीला अजून दोन वर्षे आहेत, म्हणजे अप-डाउन आहेच. सहाशे त्यानंतर.

निघताना काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. २०२२ साली सेनहायझरचा घरगुती हेडफोनचा व्यवसाय सोनोव्हा या स्विस कंपनीकडे गेला. आणि सोनोव्हाचा मुख्य धंदा कोणता? श्रवणयंत्रे बनवण्याचा! आम्ही तिघेही हसलो. मी जरा कमी हसलो.

परवा मुलीला श्रवणचाचणीसाठी घेऊन गेलो. तिची रेघ ४००० हर्ट्झपाशीही सरळ आहे. तो कागद घडी करून तिच्या हेडफोनच्या डब्यात ठेवला आहे. सौ. मला आता एकच हाक मारते, पण जवळ येऊन.