गाडीच्या पोटाला लेप द्यावा का?

अमेरिकेतील मिशिगन राज्यात राहणाऱ्या आमच्या एका मित्राने मध्यंतरी एक जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली. दोनच माणसांची, कापडी टपाची आणि जमिनीपासून वीतभरही उंच नसलेली. हिवाळा तोंडावर आला तेव्हा गॅरेजवाल्याने त्याला सल्ला दिला, "पोटाला अंडरकोटिंग करून घ्या, म्हणजे दहा वर्षे बघायला नको." मित्राने आम्हाला विचारले, "करू की नको?"

प्रश्न एका ओळीचा आहे आणि आपल्याकडेही तो नवा नाही. नवी गाडी घेताना शोरूममध्ये विम्याबरोबर हा लेपही सुचवला जातो. डांबर, रबर, मेण किंवा तेल यांपैकी कशाचा तरी थर गाडीच्या तळाच्या पत्र्यावर फवारायचा. पाणी पत्र्यापर्यंत पोहोचले नाही की गंज चढणार नाही, असा त्यामागचा साधा विचार. तो कितपत बरोबर आहे हे ठरवायचे तर गंज नेमका कोठे चढतो, ते आधी पाहिले पाहिजे.

मिठावर वसलेले शहर

मिशिगनमधील डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांमुळे जगाला माहीत झालेले शहर. त्याच्याच पोटात, सुमारे ३५० मीटर खोलीवर, खनिज मिठाची मोठी खाण आहे. तेथील मीठ हिवाळ्यात रस्त्यांवर टाकले जाते. शुद्ध पाणी ० अंश सेल्सिअसला गोठते, पण सुमारे २३ टक्के मीठ असलेले द्रावण उणे २१ अंशांपर्यंत द्रवरूप राहते. म्हणून मीठ टाकले की रस्त्यावरचा बर्फ वितळतो आणि अपघात टळतात. मात्र हाच खारट चिखल चाकांमुळे उडून गाडीच्या तळाला जाऊन बसतो. गाडी जितकी बुटकी, तितका तो अधिक बसतो.

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हे आपण वर्गात शिकवतो. मीठ या क्रियेला दोन प्रकारे मदत करते. एक म्हणजे पाण्यात आयन मिसळल्याने त्याची विद्युतवाहकता वाढते. दुसरे म्हणजे मीठ हवेतील बाष्प ओढून घेते. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साध्या मिठाचा कण आपोआप ओला होतो. रस्त्यावर टाकण्यात येणाऱ्या मॅग्नेशियम क्लोराइडला तर ३३ टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते. म्हणजे पाऊस वा बर्फ नसतानाही पत्रा ओलाच राहतो. कोकण किनाऱ्यावर खिडक्यांचे गज आणि सायकली लवकर गंजतात, त्याचेही कारण हेच. तेथे मीठ समुद्राच्या तुषारांबरोबर येते आणि पावसाळ्यात आर्द्रता या मर्यादेच्या वरच असते.

थेंबाखाली काय घडते?

आता एक प्रयोग पाहू. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यू. आर. एव्हान्स यांनी तो १९२०च्या दशकात प्रसिद्धीस आणला. शाळेच्या प्रयोगशाळेत तो सहज करता येतो.

१०० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम मीठ आणि ०.१ ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड विरघळवा. त्यात फिनॉल्फ्थॅलिनच्या द्रावणाचे काही थेंब टाका. जस्ताचा मुलामा नसलेला साधा लोखंडी पत्रा पॉलिश पेपरने घासून लख्ख करा, धुऊन कोरडा करा आणि त्यावर या द्रावणाचा एक मोठा थेंब ठेवा. (फेरिसायनाइडचे द्रावण आम्लात मिसळू नये वा तापवू नये. प्रयोगानंतर हात धुवावेत.)

सुरुवातीला थेंबात निळे आणि गुलाबी ठिपके विखुरलेले दिसतात. थोड्या वेळाने चित्र स्पष्ट होते. थेंबाच्या मध्यभागी निळा रंग, कडेला गुलाबी वलय आणि दोहोंच्या मध्ये तपकिरी गंजाचे कडे. निळा रंग म्हणजे लोखंडाचे आयन द्रावणात उतरत असल्याची खूण. तेथे धातू विरघळतो आहे. गुलाबी रंग म्हणजे हायड्रॉक्साइड आयनांची खूण. तेथे पाणी आणि ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वीकारत आहेत. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असल्याने हवेतील ऑक्सिजन भरपूर मिळतो. ती जागा ऋणाग्र बनते. मध्यभागी ऑक्सिजन कमी पोहोचतो. ती जागा धनाग्र बनते आणि झिजू लागते. इलेक्ट्रॉन पत्र्यातून वाहतात, आयन पाण्यातून. एका थेंबात एक पूर्ण विद्युतघट तयार होतो.

यातील विसंगती विद्यार्थ्यांच्या जरूर नजरेस आणून द्यावी. गंजायला ऑक्सिजन हवा हे खरे. पण लोखंड खाल्ले जाते ते ऑक्सिजन जेथे कमी आहे तेथे. म्हणूनच वॉशरखाली, पत्र्यांच्या जोडात आणि साचलेल्या चिखलाच्या खाली गंज खोल जातो.

लेप तारतो केव्हा, मारतो केव्हा?

हा नियम आता लेपाला लावून पाहू. डांबर किंवा रबर यांचा कडक लेप स्वच्छ, कोरड्या पत्र्याला घट्ट चिकटला असेल, तर तो पाणी आणि मीठ दूर ठेवतो, शिवाय खडीचा मारही सोसतो. नव्या गाडीवर तो चांगले काम करतो. पण काही वर्षांनी तो ताठर होतो. थंडी-उन्हाने त्याला भेग पडते आणि खारट पाणी त्या भेगेतून लेपाच्या मागे शिरते. आत गेलेले पाणी लवकर वाळत नाही आणि तेथे ऑक्सिजनही कमी असतो. एव्हान्सच्या थेंबाचा मध्यभाग आपणच तयार करून ठेवला, असे होते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या सुमारे तिप्पट असल्याने तो लेपाला आणखी उचलतो. बाहेरून काळा, गुळगुळीत थर दिसतो. आत पत्रा पापुद्र्यांनी सुटत असतो. आधीच गंजलेल्या पत्र्यावर लेप दिला तर ही क्रिया पहिल्या दिवसापासूनच सुरू होते.

मेण, तेल किंवा लोकरीपासून मिळणारे लॅनोलिन यांचे लेप मऊ असतात. ते फटींमध्ये झिरपतात आणि बारीक ओरखडा आपोआप झाकतात. त्यांच्यावर धूळ चिकटते, ते हळूहळू धुऊन जातात आणि दरवर्षी किंवा दोन वर्षांनी पुन्हा द्यावे लागतात. मात्र त्यांच्यामागे पाणी अडकून राहण्याचा धोका बराच कमी.

जस्ताचा मार्ग वेगळा आहे. जस्त लोखंडापेक्षा अधिक सहज इलेक्ट्रॉन देते. त्यामुळे मुलाम्यावर ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. पोर्शने १९७५ साली ९११ या स्पोर्ट्स कारच्या सांगाड्यासाठी जस्त चढवलेले पोलाद वापरायला सुरुवात केली. आज बहुतेक गाड्यांचा सांगाडा कारखान्यातच फॉस्फेटच्या द्रावणातून काढून विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने रंगाच्या टाकीत बुडवला जातो, आणि पुष्कळ ठिकाणी जस्ताचा पत्राही असतो. अशा नव्या गाडीला आणखी लेपाची गरज कमी असते. १९५३च्या शेव्हरोले कॉर्व्हेटचे अंग काचतंतूंचे होते. ते गंजत नसे. खालची चौकट मात्र पोलादाचीच होती. तेव्हा अंग कशाचे आहे यापेक्षा तळाशी काय आहे, ते पाहावे.

टप नसलेल्या गाडीचा प्रश्न

उघड्या टपाच्या गाडीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची. टप पोलादाचे असते तेव्हा ते गाडीच्या पेटीला ताठपणा देते. टपच कापडी असेल तर तो भार मुख्यतः दरवाजांखालच्या पोकळ पोलादी पट्ट्यांवर येतो. कापडी टपावरचे पाणी नळ्यांतून खाली उतरते. या नळ्या पाल्यापाचोळ्याने तुंबल्या की पाणी त्या पोकळीत साचू शकते आणि गंज आतून सुरू होतो. बाहेरून दिलेला लेप तेथे पोहोचतच नाही. उलट लेप फवारताना तळाची निचऱ्याची छिद्रे बुजली तर पाणी कायमचे अडकते.

आम्ही मित्राला एवढेच कळवले, की लेपाचा निर्णय नंतर घे, आधी गाडी वर उचलून नीट पाहा. त्याने पाहिले. आधीच्या मालकाने दिलेला कडक लेप तळावर होताच. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर बहुतेक ठिकाणी खणखणीत आवाज आला, पण डाव्या दरवाजाखाली बद्द. तेथे लेप बोटाने सुटला आणि त्यामागे पापुद्रे निघाले. शेजारच्या बुजलेल्या छिद्रात तार घातली तेव्हा पेलाभर गढूळ पाणी बाहेर आले. त्यावर नवा काळा थर चढला असता तर हे सारे पुन्हा काही वर्षे झाकून गेले असते.

ही केवळ सौंदर्याची बाब नाही. गाडीच्या तळाशी ब्रेकच्या पोलादी नळ्याही असतात. त्या गंजून फुटण्याच्या धोक्याबद्दल आणि हिवाळ्यानंतर तळ धुण्याबद्दल अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा खात्याने २०१५ साली जुन्या गाड्यांच्या मालकांना जाहीर सूचना दिली होती.

मग लेप द्यावा का? मीठ टाकलेल्या रस्त्यांवर गाडी हिवाळ्यात चालवायचीच नसेल आणि ती धुऊन कोरड्या जागी ठेवणार असाल, तर लेपावाचून चालते. हिवाळ्यात चालवणार असाल, तर गंज खरवडून, गेलेला पत्रा बदलून, तळ धुऊन पूर्ण वाळवून मऊ लेप द्यावा. पोकळ पट्ट्यांत तो आतूनही फवारावा. निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवावीत. ब्रेकच्या तबकड्या आणि सायलेन्सर यांना तो लागू देऊ नये. दरवर्षी गाडी वर उचलून पाहावी. मित्राने पट्टीचा तुकडा बदलून घेतला आणि मग मेणाचा लेप दिला. "दहा वर्षे बघायला नको" हे गॅरेजवाल्याचे वाक्य तेवढे त्याने सोडून दिले.

वर्गात एव्हान्सचा थेंब दाखवून झाल्यावर विद्यार्थ्यांना शाळेच्या फाटकाकडे न्यावे. तेलरंगाखाली फुगवटा आलेली जागा त्यांना शोधू द्या आणि विचारा : पाणी येथे कोठून शिरले, आणि बाहेर का पडू शकले नाही?